तुरुंगाचे खोड

सातपूरहून नाशिकरोडकडे जाणाऱ्या बसमध्ये 'एक जेलरोड द्या' हे शब्द कानावर पडतातच. तिकीट मागणाऱ्याच्या मनात कैदी नसतो, शिक्षा नसते. तिथे त्याचे घर असते, मुलीची शाळा असते, भाजीबाजार असतो. जेलरोड ही केव्हाच एक वस्ती झाली आहे. पण या वस्तीला जिच्यामुळे नाव मिळाले त्या भिंतीपाशी उतरलो, की फलकावर 'मध्यवर्ती कारागृह' असे लिहिलेले असते. वाट विचारली तर पलीकडचा दुकानदार 'तुरुंगाच्या भिंतीला धरून सरळ जा' म्हणतो. माणसाला आत पाठवणाऱ्या निकालपत्रात 'साधी कैद' नाहीतर 'सश्रम कारावास' असतो, आणि आत गेल्यावर त्या माणसाचे सरकारी नाव होते 'बंदी'. एकच भिंत, आणि तिच्याभोवती शब्दांची एवढी दाटी. जेल इंग्रजांबरोबर आले, कारागृह संस्कृतातून उचलले, कैद अरबीतून फारसीच्या मार्गाने पोचली, हे सहज ओळखू येते. अडते ते तुरुंगापाशी. हा शब्द इतका घरचा वाटतो की त्याला कुळ विचारावे असे कुणाच्या मनातच येत नाही.

संस्कृत जाणणाऱ्याला प्रथम आठवतो तो तुरंग, म्हणजे घोडा. त्वरेने जाणारा तो तुरग, तुरंग, तुरंगम. गुजरातीत तुरुंगाला तुरंगच म्हणतात, कानडीतही तुरंग आहे, आणि जुन्या मराठी मजकुरात हे रूप अधूनमधून दिसते. मग घोड्याच्या पागेत माणसे कोंडत असावेत, तबेल्याचा बंदिखाना झाला असावा, अशी व्युत्पत्ती रचायचा मोह होतो. रचता येईलही, पण ती टिकणार नाही. संस्कृतात तुरंगाला कोंडण्याचा अर्थ कुठेच नाही, आणि जो प्राणी धावतो म्हणून हे नाव मिळाले त्याच्यापासून न हलण्याच्या जागेचे नाव निघणे अवघडच. शिवाय शब्दाचा पसारा पाहा. मराठी, कोकणी, गुजराती, कानडी, मल्याळम: सगळा पश्चिम किनारा. हिंदीच्या मुलखात तो नाही. मात्र समुद्र ओलांडून पार मलय भाषेत तो 'तरुंगकू' होऊन बसलेला आहे. सह्याद्रीपलीकडे उत्तरेत न सापडणारा आणि मलाक्केत सापडणारा शब्द गलबतातून उतरलेला असावा, हे उघड आहे. गोवा १५१० साली आणि मलाक्का १५११ साली ज्यांनी घेतले त्या पोर्तुगीजांच्या भाषेत शोध घेतला की गाठ सुटते. त्यांचा शब्द आहे 'त्रोंकू', लिहिताना त्रोंको. गोमंतकीय कोशकार मोन्सिन्योर दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवर १९१३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या शब्दाच्या प्रवासाची नोंद आहे.

ध्वनींचा हिशेबही बराचसा जुळतो. शब्दारंभी 'त्र' आला की मराठी जीभ मध्ये एक स्वर सरकवते, आणि पुढच्या अक्षरातला उकार त्या स्वरालाही आपल्या रंगात रंगवतो. त्रुंकचे तुरुंक होते. मल्याळममध्ये हा 'क' लेखनात अजून शिल्लक आहे. आपल्याकडे 'क'चा 'ग' का झाला, हे मात्र थोडे कोडे आहे. अंक, डंक, शंका, लंका यांत अनुस्वारानंतरचा 'क' मराठीने सुखेनैव सांभाळला. मग इथेच 'ग' का? मला वाटते, मराठीत आधीपासून राबता असलेल्या एका शब्दाने याला आपल्या यमकात ओढले असावे. तो शब्द म्हणजे सुरुंग.

सुरुंगापाशी जरा थांबायला हवे, कारण तोही परदेशी आहे आणि तुरुंगाहून कितीतरी जुना. ग्रीक भाषेत 'सिरिंक्स' म्हणजे पोकळ नळी, पावा. त्यावरून जमिनीखालची भुयारी वाट. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरुङ्गा हा शब्द भुयार या अर्थाने येतो, आणि तो ग्रीकांकडून आला असेल तर ग्रंथ केव्हाचा, असा वाद विद्वानांनी या एका शब्दाच्या आधाराने घातला आहे. हिंदीत सुरंग म्हणजे आजही बोगदा. मराठीने मात्र पोकळी सोडून त्या पोकळीत भरलेली दारू तेवढी उचलली: आपण सुरुंग लावतो, सुरुंग उडवतो. आतून बाहेर पडायची वाट ती सुरुंग आणि आत अडकवणारी जागा तो तुरुंग. एक ग्रीसची, एक पोर्तुगालची, आणि मराठीत आल्यावर दोघे सख्ख्या भावांसारखे दिसू लागले.

आता त्रोंकोचा अर्थ. मूळ लॅटिन शब्द 'त्रुंकुस', आणि त्याचा पहिला अर्थ झाडाचे खोड, फांद्या छाटलेला बुंधा. खोडापासून तुरुंगापर्यंतची मधली पायरी म्हणजे एक लाकडी साधन: जाड ओंडका उभा चिरून दोन भाग करायचे, त्यांच्या कडांना अर्धगोल खाचा पाडायच्या, अपराध्याचे पाय त्या खाचांत ठेवून वरून दुसरा भाग बसवायचा आणि खिळा ठोकायचा. पोर्तुगीजांनी या साधनाला त्रोंको म्हटले, मग ते साधन ज्या खोलीत असे त्या खोलीला, आणि शेवटी सगळ्या इमारतीला.

हे वाचले तेव्हा मी हातातले पुस्तक मिटून बसलो होतो, कारण हीच वाट मराठी आपल्या पायांनी चालून गेली होती. झाडाचे ते खोड, आणि पाय अडकवायचा तो खोडा. पोर्तुगीज येण्याची तिला गरज नव्हती. ओंडका, भोके, पाय हे सगळे इथेही होते आणि शब्दही त्याच खोडातून फुटला होता. हिंदीत याच साधनाला नुसते 'काठ' म्हणत, काष्ठ. तीन भाषांनी स्वतंत्रपणे लाकडाकडे बोट दाखवले आहे. फरक पडला तो पुढे. त्रोंकोने घर बांधले; खोड्याने बांधले नाही. खोडा शेवटपर्यंत पायातच राहिला, आणि पाय मोकळे झाल्यावर वाक्प्रचारात शिरला. कुणाच्या कामात खोडा घालणारा माणूस आज सुताराला बोलावत नाही, पण प्रतिमा तीच आहे.

'ती खोड', जी जित्याची मेल्याशिवाय जात नाही, ती 'त्या खोडा'ची कुणी लागते का, हे सांगणे कठीण. संस्कृतात खोड म्हणजे लंगडा असा शब्द आहे. वैगुण्य, दोष या अर्थाची खोड तिकडून आली असावी आणि झाडाचे खोड वेगळ्या कुळातले असावे. लिंगभेदही तेच सुचवतो. पण बोलणाऱ्याच्या मनात कुळे थोडीच वेगळी राहतात? 'चांगली खोड मोडली' म्हणताना झाडाचा करकर आवाज ऐकू येतोच. आमच्या सातपुरात कारखाने येण्यापूर्वी शेते होती, गोठे होते. त्या काळातले एक आजोबा ओढाळ गुरांच्या गळ्यात बांधायच्या ओंडक्याला लोढणे आणि पायात अडकवायच्या लाकडाला खोडा म्हणत. गुरांच्या तुरुंगाला तर मराठीने कुणाकडे हात पसरला नाही: कोंडवाडा. वाडा आपला, कोंडणे या क्रियापदाचे नाते कोयंड्याशी, आणि पुढे कानडीत आकड्याला म्हणतात त्या 'कोंडी'शी असावेसे दिसते. म्हणजे इथेही भिंतीआधी कडी आली.

तुरुंग एकटा आला नाही. पोर्तुगीज सुतार-लोहाराची पेटीच आपल्या किनाऱ्यावर उतरली असावी, असे या शब्दांकडे पाहून वाटते. दाराची बिजागरी त्यांच्या 'बिझाग्रा'तली. चावी त्यांच्या 'शाव'मधली, आणि ती लॅटिन 'क्लाविस'ची लेक. किल्ली मात्र आपली जुनी, कील म्हणजे खिळा यावरून आलेली दिसते. कुलूप अरबी आहे: मूळ 'कुफ्ल', उच्चारात अक्षरांची अदलाबदल होऊन 'कुल्फ', आणि मराठीत कुलूप. बर्फात झाकणबंद साच्यात गोठवलेली कुल्फी याच घरातली. तेव्हा तुरुंगाच्या दारावर उभे राहिले की बिजागरी पोर्तुगीज, कुलूप अरबी, चावी पोर्तुगीज, कडी देशी, आणि राखणारा शिपाई फारसी. मराठीच्या इतिहासाची सगळी पथके त्या एका दारावर पहारा देत उभी असतात.

पोर्तुगीजांच्या मूळ शब्दाने पोर्तुगीजांच्याच भिंतींत वस्ती करावी असेही एका ठिकाणी घडले आहे. ठाण्याचा किल्ला त्यांनी बांधायला घेतला होता. काम पुरे होण्याआधीच १७३७ साली मराठ्यांनी तो जिंकला. १७७४ मध्ये तो इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याच किल्ल्याचे त्यांनी कारागृह केले. नाशिककराला हे ठिकाण विसरता येत नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे आणि त्यांचे सहकारी कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती ठाण्याच्या याच तुरुंगात.

त्याआधी जवळजवळ शंभर वर्षे तिथे आणखी एक बंदी होता. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या १८१५ मधल्या खुनानंतर दुसऱ्या बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि ठाण्याच्या किल्ल्यात पडला. पहाऱ्यावर गोरे सोजीर होते, त्यांना मराठी कळत नव्हते. तिथल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे नोकरीला लागलेला मराठा मोतद्दार रोज खिडकीखालून घोडा फिरवत गाणे म्हणे, आणि त्या गाण्यातच पळून जाण्याचा बेत सांगितलेला असे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. बिशप हेबरने ही हकीगत आपल्या प्रवासवृत्तात नोंदवली आहे. पुढे १८१८ मध्ये तो पुन्हा पकडला गेला तो आपल्याच नाशिक जिल्ह्यात, निफाडजवळच्या आहेरगावी.

शब्दांच्या मागावर निघालेल्याला या हकीगतीत दोन जोड्या भेटतात. एक तर तुरुंगाच्या खिडकीखाली तुरंग उभा आहे. आणि दुसरी जोडी 'बंदी' या शब्दात लपलेली आहे. जुन्या मराठीत बंदिजन म्हणजे भाट, राजाची स्तुती गाणारे. हा मूळचा संस्कृत वन्दिन्, वंदन करणारा. आज बंदिजन म्हणजे कैदी, हा बंधनातला. दोन्ही शब्द उच्चारात एकमेकांवर इतके बसले आहेत की लिहिताना वेगळे काढता येत नाहीत. ठाण्याला एक बंदी खिडकीत उभा होता आणि दुसरा खाली घोड्याचा लगाम धरून गात होता.

कैदेतल्या बंदीच्या व्युत्पत्तीत एक अडचण आहे, आणि ती मला फार आवडते. संस्कृतात बन्ध् धातू आहे आणि कैदी या अर्थाने बन्दी शब्दही आहे. फारसीत बंद म्हणजे बांधणारी वस्तू, बंदी म्हणजे बांधलेला, बंदा म्हणजे सेवक. मग मराठी बंदी कुणाचा? ध वर जायचे तर संस्कृत, द वर जायचे तर फारसी, असे सरळ उत्तर देता येते. पण संस्कृतातला दकारी बन्दीसुद्धा इराणी वळणाचा असावा अशी शंका कोशकारांना आहे. खरे तर दोन्ही भाषा एकाच आजीच्या नाती, दोघींचा धातू एकच. शेकडो वर्षे दुरावलेली ही दोन रूपे दक्षिणेत येऊन मराठीत पुन्हा भेटली: बंधन आणि बंदोबस्त, बंधारा आणि बंदर, बांध आणि दारूबंदी. बंदुकीला मात्र या पंगतीतून उठवावे लागेल. ती अरबी बुंदुक, म्हणजे एक गोल कवचाचे फळ. गोळीच्या आकारावरून हत्याराचे नाव पडलेले दिसते.

असाच फसवा शेजार कैद आणि कायदा यांचा आहे. मराठी कानाला हे दोघे बापलेक वाटतात: कायदा मोडला की कैद. अरबीत मात्र त्यांची मुळाक्षरे निरनिराळी आहेत. कायद्यात एक 'ऐन' आहे, घशातून काढायचा, जो आपण उच्चारतही नाही. त्याच्या धातूचा अर्थ बसणे, आणि कायदा म्हणजे बैठक, पाया. कवाईत हे त्याचेच अनेकवचन. कैदेत ऐन नाही. तिचा मूळ अर्थ पायातली बेडी, जनावराच्या पायात घालतात तो दोर.

म्हणजे पुन्हा पाय. त्रोंको पायात, खोडा पायात, कैद पायात, बेडी तर पायातच, बंद हातापायांना. आपल्या भाषेतले जुने शब्द तपासले तर अटकेची जागा सांगणारे थोडे आणि अटकेची वस्तू सांगणारे फार. भिंत दाखवायची तर फारसी 'खाना' जोडावा लागतो, म्हणून बंदिखाना, कैदखाना. नाहीतर संस्कृत 'शाला' जोडावी लागते, म्हणून बंदिशाळा. भाषेच्या या साठवणीवरून असे दिसते की माणसाला अडवून ठेवण्यासाठी खास इमारत बांधणे ही पुष्कळ नंतरची कल्पना असावी. आधी ओंडका, दोर, साखळी. आणि जागा म्हणाल तर जी हाताशी असेल ती. कोठडी हा शब्द घ्या. संस्कृत कोष्ठ म्हणजे धान्याचे कोठार आणि पोटही. त्याचा कोठा, आणि लहान कोठा ती कोठडी. दाणे ठेवायच्या खोलीत माणूस ठेवला. गोव्यात तर पाणी ठेवायच्या जागेत ठेवला: जुन्या गोव्यातले धर्मपीठाचे कारागृह होते अल्जूब, आणि अरबीत 'जुब्ब' म्हणजे खोल विहीर, खड्डा. १६१२ चा आग्वादचा किल्ला जहाजांना गोडे पाणी भरून देण्यासाठी नावाजलेला, 'आग्वा' म्हणजे पाणी यावरून त्याला नाव मिळालेले. पुढे तिथेच गोवामुक्तीच्या सैनिकांना डांबले गेले. आता ती वास्तू संग्रहालय झाली आहे. अंदमानाला काळे पाणी म्हणताना तर मराठीने कारागृहाचा उल्लेखच टाळला, नुसता समुद्र दाखवला. त्यातला काळा रंगाचा की काळाचा, यावर मतभेद होऊ शकतात. मला दोन्ही अर्थ एकदमच ऐकू येतात.

जेलचेही मूळ भिंतीत नाही. लॅटिन 'काव्हेआ' म्हणजे पोकळी, पिंजरा. त्याचे लघुरूप जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत जेल झाले. पोर्तुगीजमध्ये तोच शब्द 'गायोला' होऊन आजही पक्ष्याचा पिंजरा दाखवतो. म्हणजे जेलरोड हा व्युत्पत्तीने पिंजऱ्याचा रस्ता, आणि तिथला तुरुंग हे खोड.

मग भिंत सांगणारा जुना शब्द आपल्याकडे नाहीच का? आहे, आणि तो मी रोज पत्त्यात लिहितो. 'पूर'. आज पुर म्हणजे गाव, नगर. पण वेदातले पुर् म्हणजे तट, कोट, भोवती उभारलेला बांध. पुरे फोडणारा तो पुरंदर. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या सत्ताविसाव्या सूक्तात बोलणारा सांगतो की शंभर लोखंडी पुरे त्याला राखत होती आणि श्येनाच्या वेगाने तो त्यांतून बाहेर पडला. राखणे हा शब्द तिथे कसा दोन्हीकडे वळतो पाहा: सांभाळणे आणि कोंडून धरणे. सातपुरातली ती सात पुरे कुठली, वाड्या की वेशी, याचा निवाडा इथे नको. पण तटाचे नाव गावाला मिळाले आणि तट विसरला गेला, एवढे तरी 'पूर' सांगतो.

सातपूरच्या अगदी शेजारी आनंदवल्ली आहे. राघोबादादांनी गोदाकाठी इथे वाडा बांधला, आणि आनंदीबाईंच्या नावावरून आनंदवल्ली झाली असे सांगतात. पुतण्या माधवराव पेशव्यांशी बिनसल्यावर दादांनी आपल्याच जिल्ह्यातल्या धोडप किल्ल्याखाली १७६८ मध्ये लढाई दिली, हरले, आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत पडले. त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १७९३ मध्ये, आनंदीबाईंना आणि मुलांना कोपरगावहून आनंदवल्लीला आणून ठेवले. १७९४ मध्ये बाई इथेच वारल्या आणि मुलांना शिवनेरीवर हलवले. त्यांतला एक पुढे शेवटचा पेशवा झाला. तुरुंगाच्या जुन्या वास्तूंचा शोध घ्यायला मी नाशिकरोडपर्यंत जात होतो, आणि आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीला जाताना रोजच्या पायाखालचा हा तुरुंग माझ्या ध्यानात यायला वर्षे लागली. याला खोडा नव्हता, गज नव्हते. नजर होती.

नजरकैद हा शब्द म्हणूनच मला या सगळ्यांत देखणा वाटतो. नजर अरबी, कैद अरबी; पायातली बेडी काढून ती डोळ्यांत घातली. कैदेच्या अर्थाने हिंदी 'नजरबंद' म्हणते, पण मराठीत नजरबंदी जादूगाराकडे गेली: तो आपली नजर बांधतो, कैदी मात्र दुसऱ्याच्या नजरेने बांधला जातो. आनंदवल्लीला पेशव्यांचे कुटुंब पहाऱ्यात होते त्याच दशकाच्या आरंभी, १७९१ मध्ये, लंडनच्या जेरेमी बेंथमने एक आराखडा छापला होता: मधोमध मनोरा, भोवती वर्तुळात कोठड्या, मनोऱ्यातल्या एकाच पहारेकऱ्याला सगळे दिसावेत अशी मांडणी. त्याने ग्रीक शब्द जोडून 'सर्वदर्शी' अशा अर्थाचे नाव दिले. आपल्या शब्दात सांगायचे तर त्याने नजरकैद विटांनी बांधायला घेतली. १८९६ ते १९०६ या काळात अंदमानात जे कारागृह उभे राहिले, त्यात मधल्या मनोऱ्यापासून सात लांब इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या निघाल्या. प्रत्येक इमारतीतल्या कोठड्यांचे तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे. मनोऱ्याला सगळ्या ओळी दिसत, आणि बंद्यांची आपापसांत नजरानजर होत नसे. नाशिकजवळच्या भगूरचे सावरकर बंधू याच वास्तूत होते. आज त्या सातांतल्या तीनच इमारती उरल्या आहेत.

नाशिकरोडचे कारागृह त्यानंतरचे, १९२७ चे. इथे मनोऱ्यापेक्षा बराकी आठवतात: एकेकट्या कोठडीऐवजी पुष्कळ माणसे एकत्र ठेवणाऱ्या लांब खोल्या. बराक हा शब्द स्पॅनिश-इटालियन छावण्यांतल्या झोपडीवरून आला, सैनिकांमार्फत. माणसे एकत्र राहिली की बोलतात. सविनय कायदेभंगाच्या वर्षांत जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता इथे एकत्र आले आणि १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची जुळवाजुळव या भिंतींआड झाली. इथेच फेब्रुवारी १९३३ मध्ये साने गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली.

गुरुजी अमळनेरच्या शाळेतले शिक्षक, आणि इथे शिक्षा भोगत होते. हे दोन शब्द एका वाक्यात आले की मराठी भाषेने काय केले आहे ते लख्ख दिसते. संस्कृतात शक् म्हणजे समर्थ असणे. त्यावरून इच्छा दाखवणारे रूप शिक्ष्, समर्थ व्हावेसे वाटणे, म्हणून शिकणे. शिक्षा हे सहा वेदांगांपैकी एक, उच्चाराचे शास्त्र. हिंदीने तोच अर्थ पुढे चालवला. मराठीने शिकण्याचे काम शिक्षणाकडे दिले आणि शिक्षा दंडासाठी राखली. यात ती एकटी नाही. कानडी, तेलुगू, मल्याळम यांतही शिक्षा म्हणजे दंडच. तुरुंगाप्रमाणे याही शब्दात मराठीचा कल दक्षिणेकडे आहे. छडी लागे तिथे विद्या असे मानणाऱ्या पाठशाळांतून हा अर्थ घसरला असावा. पण त्या पाच दिवसांत, त्या एका बराकीत, शिक्षा आपल्या मूळ अर्थाला परत गेली होती असे मला मनापासून वाटते.

कारागृहातली 'कारा' मात्र गूढ आहे. अमरकोशात ती बंधनालयाचा पर्याय म्हणून येते. टाकणे, विखुरणे या अर्थाच्या कॄ धातूकडे तिला नेता येते; जिथे माणूस टाकून दिला जातो ती जागा. करणे या अर्थाच्या कृ शी तिचा संबंध नसावा. पण आतल्या उद्योगांकडे पाहिले की हा भेद पुसट होतो. फारसी 'कार' म्हणजे काम, त्याचा कारखाना, त्याचा कारागीर. हा कार आणि संस्कृत कृ एकाच कुळातले. नाशिकरोडचे बंदी शाडूच्या गणेशमूर्ती घडवतात, शहरातली माणसे त्या घरी नेऊन बसवतात. कारागृहात कारागीर, आणि माझ्या सातपुरात कारखाने. सक्तमजुरीतली मजुरी घेतली तर ती फारसी 'मुज्द' म्हणजे मोबदला या शब्दाची. वेदात त्याची बहीण आहे 'मीळ्ह', स्पर्धेत जिंकलेले बक्षीस.

सरकारी भाषेला आपण कृत्रिम म्हणतो, पण तिने इथे एक सुरेख काम केले आहे. पॅरोल हा फ्रेंच शब्द. अर्थ नुसता 'शब्द'. परत येईन असा शब्द देऊन गेलेला तो पॅरोलवरचा. महाराष्ट्राच्या कारागृहांत याला अभिवचन रजा म्हणतात, आणि फर्लोला संचित रजा. ज्याने हे नाव घडवले त्याने शब्दाचे मूळ पाहिले असावे. रजा अरबी, अर्थ राजीखुशी, संमती. राजी आणि रजा एकाच धातूचे.

आणि भिंतीबाहेर जी माणसे पिशवी घेऊन बसलेली असतात, त्यांच्या तोंडी एक शब्द असतो: मुलाखत. बाकीच्या महाराष्ट्रात मुलाखत म्हणजे नोकरीसाठी विचारलेले प्रश्न, नाहीतर मासिकात छापलेली प्रश्नोत्तरे. अरबीत मुलाकात म्हणजे भेट, समोरासमोर येणे, एवढेच. पेशव्यांच्या कागदांत दोन सरदारांची मुलाखत होते तेव्हा ते भेटतात. हा जुना अर्थ मराठीत सगळीकडून ओसरला आणि तुरुंगाच्या दाराशी तेवढा टिकला. परवा जेलरोडला उतरलो तेव्हा एक म्हातारी शेजारच्या बाईला विचारत होती, 'तुमची झाली का मुलाखत?' बाई म्हणाली, 'झाली. बरा आहे.'